पहिल्या चिठ्ठीची मुलगी

आमच्या नागपुरातल्या हॉकी क्लबांमध्ये दर वर्षी मुलींचं वाटप होतं. शब्द ऐकायला बरा नाही, पण आम्ही सगळे तोच वापरतो. शाळा-कॉलेजातल्या नव्या मुलींची दोन दिवस ट्रायल होते, मग सगळ्या क्लबांचे कोच एका खोलीत समोसे खात बसतात आणि एकेक जण हवी ती मुलगी निवडतो. आदल्या मोसमात जो क्लब सगळ्यात शेवटी राहिला, त्याला पहिली निवड. नाव चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचं, म्हणून त्या मुलीला वर्षभर 'पहिल्या चिठ्ठीची' म्हणतात. चिठ्ठी कागदाची असली तरी मुलीच्या मानेवर तिचं वजन बरंच असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण कळत होतं.

आठ वर्षांपूर्वी आमचा क्लब शेवटी राहिला. मी कोच होतो. दिवसा सरकारी कचेरीत टेबलावर बसायचं, सकाळ-संध्याकाळ मैदानावर ओरडायचं, असं माझं आयुष्य. माझा आवाज मोठा होता आणि तोंड त्याहून मोठं. घरी बायको म्हणायची, तुम्ही शिट्टी कशाला विकत घेता?

ट्रायलला एक सोळा वर्षांची मुलगी आली होती. खापरखेड्याच्या वसाहतीतली. वडील वीज केंद्रात कंत्राटावर, कोळशाच्या कामावर. वसाहतीमागच्या मुरुमाच्या मैदानावर ती खेळायला शिकली होती. तिथे बॉल सरळ येतच नाही. खड्यावर आपटून कधी गुडघ्याला येतो, कधी पायाखालून निघून जातो. त्यामुळे तिला एक सवय लागली होती. बॉल अंगाशी येईपर्यंत ती थांबायची. आल्यावरही घटकाभर थांबायची. समोरची मुलगी तेवढ्यात हावरटासारखी अंगावर धावून यायची, आणि ही तिच्या बाजूने बॉल अशा एखाद्या मुलीकडे द्यायची, जी मोकळी आहे हे मैदानात कुणालाच दिसलं नव्हतं. मला बाहेर उभं राहूनही दिसलं नव्हतं. ती लेफ्ट हाफ होती, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. मागून खेळ उचलायचा आणि पुढच्यांना द्यायचा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. टेबलावर ठेवलं तसा दुसऱ्या एका क्लबचा कोच मोठ्याने हसला. "पहिली चिठ्ठी हाफवर घालवली? काय गा, उन्ह लागलं काय तुले?"

खोलीतले सगळे हसले. त्यांचंही खरं होतं. आमच्याकडे पहिली चिठ्ठी म्हणजे गोल मारणारी पोरगी. हाफवर पहिली चिठ्ठी कुणी वाया घालवत नाही. मी तिथे गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मला हसणं सहन होत नाही, लहानपणापासून होत नाही.

"हाफ कोण म्हणते?" मी म्हणालो. "मी तिले फॉरवर्ड बनवतो. पाहाच तुम्ही."

एवढ्या एका वाक्यावर त्या मुलीचं वर्ष ठरलं. तिला कुणी विचारलं नाही. ती तेव्हा बाहेर झाडाखाली वडिलांबरोबर डबा खात बसली होती.

आम्ही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर खेळायचो, आणि तिथे बॉल सरळ आणि वेगाने येतो. गोलासमोरच्या गर्दीत थांबायला कुणी वेळ देत नाही. ती थांबली की बॉल जायचा. मी बाहेरून ओरडायचो, "सोड ना वं! भैताडासारखी काय उभी राहून राहिली?" मग मी एक उपाय काढला. बॉल तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच मी शिट्टी वाजवायची आणि शिट्टीबरोबर तिने मारायचं. बघायचं नाही, मारायचं. रोज संध्याकाळी, बाकीच्या मुली घरी गेल्यावरही. ती आज्ञाधारक होती. सांगितलेलं सगळं करायची, आणि म्हणूनच तिचं नुकसान करणं मला इतकं सोपं गेलं.

एकदा सरावानंतर ती स्टिकला गुंडाळलेली पट्टी सोडत उभी होती. हळूच म्हणाली, "सर, एक मॅच मले हाफवर खेळू द्या ना. मले मागून सगळं दिसते."

"पहिल्या चिठ्ठीची पोट्टी मागं लपते काय वं?" मी म्हणालो. दोन-तीन जणी हसल्या. तिने परत कधी विचारलं नाही. मला हसलेलं चालत नव्हतं, तिला हसलेलं मात्र मला चाललं.

तिचे वडील एका रविवारी मोटरसायकलवरून आले. पिशवीभर बोरं आणली होती. हातांच्या रेघांत कोळसा बसलेला, तरी पांढरा शर्ट घालून आले होते. म्हणाले, "सर, बारीक झाली पोट्टी. मॅचच्या दिवशी जेवतच नाही. काही चुकून राहिलं काय तिचं?"

मी त्यांना टेन्शन घेऊ नका म्हणालो. मोठे खेळाडू असेच घडतात, वगैरे बोललो. त्यांनी मान हलवली. "राज्याच्या टीमचं सर्टिफिकेट भेटलं तर नोकरीत खेळाडूंची जागा असते म्हणतात. तेवढं झालं तर तिचं भलं होऊन जाईल. आम्ही तुमच्यावर सोडलं सर." बोरं गोड होती. मी कचेरीत वाटली.

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तिच्याकडे बॉल आला. उजवीकडे आमची एक मुलगी एकटी उभी होती, हात वर करून. मला दिसत होती. या मुलीने बॉल येताक्षणी मारला, सरळ गोलकीपरच्या पॅडवर. वर्षापूर्वी ती थांबली असती आणि तो बॉल बरोबर उजवीकडे गेला असता. मी तिच्यातलं जे होतं ते पुसून टाकलं होतं आणि त्या जागी शिट्टी बसवली होती. ते मला त्या क्षणी समजलं, आणि मी कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. तिथे फॉरवर्ड मुलींची रांग लागली होती, आमच्या मुलीपेक्षा वेगवान, दांडग्या. पण लेफ्ट हाफ कुणी धड नव्हती. निवड समितीतले एक जुने खेळाडू दुपारी माझ्याजवळ आले. त्यांची नजर चांगली होती. म्हणाले, "तुमची ही मुलगी कधी हाफ खेळली आहे का? हिचं उभं राहणं हाफचं वाटतं. खेळली असेल तर उद्या सकाळच्या सामन्यात तिथे लावून बघतो."

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण दोन पावलांवर तो हसणारा कोच उभा होता, आणि कान इकडेच होते. हो म्हटलं असतं तर वर्षभर मी चुकलो हे त्याच्यासमोर मान्य झालं असतं.

"नाही सर," मी म्हणालो. "ती फॉरवर्डच आहे. हाफ कधी खेळलीच नाही."

त्यांनी यादीवर पेनाने काहीतरी केलं आणि पुढे गेले. संध्याकाळी नावं लागली, त्यात ती नव्हती. तिने माझ्या पाया पडून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षी आणखी मेहनत करीन." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चिठ्ठी लिहिलेला तोच हात.

पुढच्या वर्षी ती सरावाला कधी आली, कधी नाही, आणि दिवाळीनंतर यायची थांबली. कुणी विचारलं तर मी सांगायचो, पोट्टीत दम नव्हता. किती जणांना सांगितलं याचा हिशोब नाही. हे सगळ्यात वाईट आहे असं मला आता वाटतं. खोटं एकदा बोललो तो घाबरटपणा होता. नंतर दोष तिच्यावर ढकलत राहिलो, तो निव्वळ नीचपणा.

मी आता निवृत्त आहे. हुडकेश्वरला घर बांधलंय. सराव घेत नाही, पण क्लबात कोण कुठे खेळणार यावर माझाच शब्द चालतो. ती कळमेश्वरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, एवढं कानावर होतं. या वर्षीच्या वाटपात आमच्या क्लबाला परत पहिली चिठ्ठी मिळाली, आणि आम्ही घेतलेली मुलगी तिच्या शाळेची निघाली. तिनेच घडवलेली.

वाटपानंतरच्या रविवारी सकाळी ती स्कूटरवरून घरी आली. बायकोने पोहे केले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वडील आता काम करत नाहीत, दम लागतो. मग बायको आत गेली आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"तुझ्या निवडीच्या दिवशी त्या सरांनी मले विचारलं होतं," मी म्हणालो. "हाफ खेळते काय म्हणून. मी नाही म्हटलं."

"मालूम आहे सर."

"कसं काय?" मी विचारलं.

"मागंच होती मी. नळावर बाटली भरून राहिली होती. सगळं ऐकू आलं."

"मंग बोलली काहून नाही वं?"

तिने प्लेट खाली ठेवली. "तुम्ही नाही म्हटलं होतं. तुमच्यासमोर मी हो कशी म्हणू?"

रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. राग मला समजतो, जन्मभर तोच केला. ती रोजच्यासारखं बोलत होती. सात वर्षं तिला माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी माहीत असूनच ती माझ्या पाया पडली होती.

"मी भांडाले नाही आली," ती म्हणाली. "माह्या शाळेतल्या पोट्टीचं काम आहे." तिने पर्समधून क्लबचा फॉर्म काढला. बाकी सगळं भरलेलं होतं, खेळाडूची जागा लिहायचा रकाना तेवढा कोरा. "इथं लेफ्ट हाफ लिहा सर. अन् खाली, पूर्ण मोसम जागा बदलणार नाही, असं लिहून सही करा."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही काय?" मी हसत म्हणालो. हसू बाहेर नीट आलं नाही.

तिने पेन माझ्यापुढे ठेवलं. "लिहून द्या सर."

मी चष्मा लावून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने कागद दोनदा वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, सही नीट दिसते का ते मोठं करून पाहिलं. मग फॉर्म पर्समध्ये ठेवला आणि नेहमीसारखी पाया पडायला वाकली. मी खुर्चीतच होतो. पाय मागे घ्यायला जागा नव्हती.