उपरणं चुकलं

२०२३ साली मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, आणि त्याच साली घरच्यांनी मला निकामी ठरवलं.

नातीचा साखरपुडा येडशीला, आमच्या दारात होता. सोयरे उमरग्याचे. व्याही दारात आला की थोरल्यानं पुढं व्हायचं, गंध लावायचा, टोपी-उपरणं घालायचं आणि उराउरी भेटायचं. भावकीतली ही भेट चाळीस वर्षं मीच घेत आलोय. जीप थांबली. पुढून पांढऱ्या कपड्यातला, पोट सुटलेला माणूस उतरला. मी गंध लावला, उपरणं घातलं, कवळ्यात घेतलं. तो कानात म्हणाला, "बाबा, म्या ड्रायव्हर हाय."

व्याही त्याच्या मागंच उभा. बायका पदराआड हसल्या. व्याही म्हणाला, "आप्पा, आमच्या आधी ड्रायव्हरचं जमलं म्हणायचं." मी हसलो न्हाई.

संध्याकाळी पोरगा म्हणाला, "आप्पा, लग्नात भेट काका घेतील. तुम्ही खुर्चीवर बसा. डॉक्टर म्हणालेच होते, वयानं चेहरे ध्यानात राहत न्हाईत."

खुर्चीवर बसा म्हणे. मोतीबिंदू काढल्यापासून एसटीची पाटी मी लांबून वाचतो, आणि शाळा माझी तिसरीपर्यंतच. बाजारात बैल पाठमोरा असला तरी कुणाच्या दावणीचा ते सांगतो. बोलणीला हाच व्याही दोन तास माझ्यासमोर बसला होता, तेव्हा त्याला मिशी होती. ती काढल्याचं कुणी मला कळवलं? आता सगळ्यांचे कपडे एक, पोटं एक, चष्मे एक. पूर्वी माणूस कुठला ते लांबून फेटाच सांगायचा.

तरी खरं ते लिहितो. हल्ली नवा चेहरा माझ्यात मुरत न्हाई. तिसरीचे मास्तर कधीच गेले, पण आज समोर आले तर गर्दीतून ओळखीन. नवा माणूस मात्र चार दिवसांत पुसून जातो. तेवढ्यासाठी माझा मान धाकट्याला द्यायचा? जो भाऊ अजून मला विचारल्याशिवाय पेरणी करत न्हाई, त्याला?

दुसऱ्या दिवशी पहाटेच कुणाला न सांगता उमरग्याची एसटी धरली. व्याह्याच्या दारात हाक मारली. बनियनवर एकजण बाहेर आला. "आप्पा, तुम्ही? एवढ्या सकाळी?" म्हणाला, तेव्हा आवाजावरून कळलं, हाच तो.

"समोर बसा," मी म्हणालो. "तुमचं तोंड पाठ करायला आलोय. लग्नात मिशी ठेवणार का न्हाई, तेवढं आधी सांगा."