गाय उठली तर काय?

शाळेतली पोरं रेणूला अक्का म्हणायची, आणि तेच तिला खुपायचं. गाणगापूरच्या त्या शाळेत टीचर म्हणजे एकच, उमादेवी टीचर. रेणू शिकायला कलबुर्गीच्या विद्यापीठात, कंप्युटरच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठानंच तिला आठवड्यातून दोन दिवस इथं सहावीला कंप्युटर शिकवायला धाडलं होतं. निर्णा गावच्या नागप्पाची ही लेक. आज्यापर्यंत घरात मेंढरं, बापाच्या वाट्याला रोजंदारी. सात पिढ्यांत कुणी खडू हातात धरला नव्हता, आणि हिला मात्र शिकवण्याशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं!

पण पहिले चार तास म्हणजे नुसती फजिती. 'प्रोग्राम म्हणजे कंप्युटरला क्रमानं दिलेल्या सूचना' असं ती फळ्यावर लिहायची, घसा कोरडा करायची, आणि पोरं खिडकीतून यात्रेकरूंच्या गाड्या मोजत बसायची. चौथ्या तासानंतर उमादेवी टीचरनी तिला बाजूला घेतलं.

"रेणू, गुरुवारी विद्यापीठातनं तुझे सर तास बघायला येणारेत. त्यांनी न्हाई म्हटलं तर तुझं शिकवणं इथंच संपलं. असंच चालवणारैस का?"

रेणू मुकाट फळा पुसायला लागली.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती फाटकापाशी डबा उघडून बसली होती. तेवढ्यात लातूरकडचं एक म्हातारं जोडपं आलं आणि मठाची वाट विचारू लागलं. मल्लेश्वरी पुढं झाली. वर्गात हाक मारली तरी बाकाखाली बघणारी पोरगी ही! पण इथं तिची जीभ कशी सुटली बघा. "आज्जी, हितनं सरळ जावा. नारळाचं दुकान लागंल, तिथनं उजवीकडं. मग तांबडी गाय बसलीय, तिथं डावीकडं. मग समोर मठ."

रेणूचा घास हातातच राहिला. अगं बाई! ही पोरं रोज परक्या माणसाला क्रमानं सूचनाच देतात की! आणि आपण फळ्यावर डोकं फोडतोय! अर्धी भाकरी तशीच टाकून ती वर्गात पळाली.

"उद्या सर येणारेत," तिनं पोरांना सांगितलं. "त्यास्नी इथलं कायबी ठाऊक न्हाई. सर म्हणजे कंप्युटर. तुम्ही लिहाल तेवढंच करणार, स्वतःचं डोकं चालवणार न्हाईत. त्यास्नी मठापर्यंत पोचवा."

सर म्हणजे कंप्युटर! पोरं हसून हसून बाकांवर लोळली. मग कंप्युटरभोवती ही झुंबड! कुणी म्हणे वीस पावलं, कुणी म्हणे तीस. भांडून भांडून सूचना टाइप झाल्या, कागद छापून निघाला.

गुरुवारी गुरुपादय्या सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसण्याचं नाव नाही. रेणूनं कागद पुढं केला, खेळ समजावला. सरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बरं. मग मी आता यंत्र."

निघाली वरात! पुढं सर, मागं चाळीस पोरं, शेवटी उमादेवी टीचर. तीस पावलं, मोजून तीस. नारळाचं दुकान, उजवीकडं. 'तांबडी गाय बसलीय तिथं डावीकडं.'

गाय नव्हती.

अहो, गुरुवार! दत्ताचा वार, गावात गर्दी, केळी चारणाऱ्यांच्या मागं गाय पार दुसऱ्या टोकाला गेलेली. आणि सर उभे. भर रस्त्यात, भर उन्हात, खांबासारखे. मागनं रिक्षावाला भोंगा वाजवून थकला, तरी सर हलेनात.

"सर, कामून थांबलाव?" पोरं ओरडली. सर गप्प.

मेले मी, रेणूला वाटलं. 'सर, वळा ना' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिनं ते गिळले आणि पोरांकडं वळली. "सर का थांबले, सांगा बघू?"

उमादेवी टीचर कपाळाचा घाम पुसायला लागल्या. आणि एकदम मल्लेश्वरी किंचाळली, "अक्का, आपलंच चुकलंय! गाय उठून जाती की! गाय असली तर तिथं वळा, नसली तर ह्या पाण्याच्या टाकीपाशी वळा, असं लिहायला पायजे!"

'असेल तर हे, नसेल तर ते', हा तर पुढच्या आठवड्याचा धडा! रेणूनं तो शिकवलाच नव्हता, पोरीनं रस्त्यातनं उचलला होता. टाकीच्या भिंतीवर कागद टेकवून मल्लेश्वरीनं ओळ लिहिली, सर हलले, वळले आणि थेट मठाच्या दारात! असा गलका झाला की आतले पुजारी बाहेर आले.

सरांनी तिथंच रेणूच्या पाठाच्या वहीत होकाराची सही केली. "पुढचा धडा आता काय शिकवणार तुम्ही?" म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी रेणू बसस्टँडवर उभी होती, मल्लेश्वरी सोबतीला. सोलापूरच्या एका बाईंनी मठाची वाट विचारली. मल्लेश्वरीनं शाळेच्या रस्त्यापासून सगळी सांगितली. "गाय असली तर तिथं डावीकडं. नसली तर टाकीपाशी."

"किती नीट सांगतेस गं! कुणी शिकवलं?"

"ह्या आमच्या टीचर," मल्लेश्वरीनं रेणूकडं बोट केलं. अक्का नव्हे, टीचर!

कलबुर्गीची बस आली, कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या, बस गेली. रेणू जागची हलली नाही. पुढची बस तासाभरानं होती, आणि गुरुवारी वाट विचारणाऱ्यांना काही तोटा नव्हता.