बरगडीखाली काय दडलंय?

आमच्या वॉर्डाचे किस्से आता सांगायचे नाहीत असं ठरवूनच मी मित्रांत बसतो. पण कुणीतरी पोट धरतं आणि माझी गाडी सुरू होते!

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी शिकाऊ डॉक्टर होतो. सोनोग्राफी वगैरे आमच्याकडं नव्हतीच. लिव्हर सुजलेला पेशंट आला की प्रश्न एकच, कॅन्सर की दुसरं काही? शोधायचं कशानं? आमच्या सरांची बोटं, एक स्टेथोस्कोप आणि एक जाड सुई!

*

तपासण्याआधी सर हात गरम पाण्यात बुडवायचे. गार हात लागला की पोट आक्रसतं आणि लिव्हरची कड बोटांना लागत नाही. सांगोल्याच्या एका मेंढपाळाच्या बरगडीखाली त्यांनी बोटं रोवली, तसा तो म्हणाला, "आमी बाजारात मेंढी अशीच चाचपतो की!"

"त्यात काय बघता?"

"मांस किती हाय ते. तुमी?"

"गाठ तर नाही ना, ते."

मेंढपाळ हळूच म्हणाला, "मग सावकाश बघा. मला घाई न्हाय."

*

एक तेलुगू विणकर होता. सरांनी स्टेथोस्कोप छातीवर न ठेवता थेट लिव्हरवर ठेवला. गाठीतून रक्त जोरात धावत असलं, की तिथं फुंकरीसारखा आवाज येतो. कॅन्सरची ती एक खूण. मीही ऐकला.

"मला पण ऐकवा की," विणकर म्हणाला.

सरांनी नळ्या त्याच्या कानात घातल्या. जन्मभर मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस डोळे मिटून ऐकत राहिला.

"लई बारीक चालतंय," तो म्हणाला. "बंद कधी पडणार, डॉक्टर?"

त्या दिवशी राउंड तिथंच थांबला.

*

लिव्हरचा कॅन्सर ओळखायची रक्ताची एक नवी तपासणी निघाली होती, पण ती मुंबईत. लिव्हर सुजून आलेल्या करकंबच्या अण्णांचं रक्त बर्फासकट थर्मासमध्ये घालून आम्ही त्यांच्या जावयाच्या हाती दिलं. गाडीत तुडुंब गर्दी. शेजारचे आजोबा म्हणाले, "पाव्हणं, घोटभर चहा द्या की!"

"चहा न्हाय ओ. सासऱ्याचं रक्त हाय!"

जावई मुंबईपर्यंत बाकावर आडवा होऊन गेला!

रिपोर्ट निगेटिव्ह आला. आम्ही खूश. सर म्हणाले, "कॅन्सर असूनही असा रिपोर्ट येतो. सुई घालावीच लागेल."

*

अण्णा म्हणजे गावातलं तालेवार, तापट प्रस्थ. कुणी सांगितलं नसलं, तरी पाहुण्यांच्या रडक्या तोंडांवरून आपल्याला कॅन्सर आहे, हे ते समजून चुकले होते.

सुई आत गेली. सरांनी सिरिंज ओढली आणि चॉकलेटी रंगाचा दाट पू वर आला. सर ओरडलेच, "पू आहे, पू!"

अख्खा वॉर्ड बघायला लागला. पू निघाला म्हणून नाचणारा डॉक्टर कुणी पाहिला नव्हता! अण्णांना तर काहीच उमजलं नाही. कॅन्सर नव्हताच, आमांशाच्या जंतूंनी लिव्हरमध्ये गळू झालं होतं. पू काढायचा, गोळ्या द्यायच्या, माणूस बरा!

व्हरांड्यात सरांनी अण्णांच्या बायकोला हे सांगितलं. त्यांनी हात जोडले, पदरानं डोळे पुसले. सर अण्णांना सांगायला वळले, तशा त्या आडव्या आल्या.

"एवढ्यात त्यास्नी सांगू नका की, डॉक्टर."

"का हो?"

"लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच इचारायला लागल्यात, तू जेवलीस का?"