औषध दिलं

आमच्या लेखक संघटनेनं कथासंग्रह काढायचं ठरवलं तेव्हा अट एकच घातली होती. कथा भुताची असो, पोलिसी असो, प्रेमाची असो नाहीतर परग्रहावरची, तिच्यातली बाई धोक्याची हवी. गरीब गायी छापून छापून लोकांनी कागद संपवलाय.

छापखान्यात टाइप करायला होती मुंगी. अंगानं एवढीशी, पण चावली की दिवसभर चुरचुर, म्हणून तिथल्या मालकानंच ठेवलेलं नाव. नवरा आजारात गेला. सासरच्या दोन खोल्यांतली मागची तिची आणि लेकीची, पुढची दिराची. दिराला दोन्ही हव्या होत्या. वहिनीनंच जेवणात काहीतरी घातलं, असं त्यानं गल्लीत हळूच सोडून दिलं होतं. तोंडावर कोणी बोलत नसे. तिच्या हातचा चहा मात्र सगळे टाळत.

मुंगीनं संग्रहासाठी स्वतःची कथाही लिहिली. आजारी नवरा, घरात दुसरं कोणी नाही. शेवट असा: ‘तिनं त्याला औषध दिलं आणि उशाशी बसून राहिली.’

तपासायला घरी नेलेली कच्ची पानं दिराच्या हाती लागली. संग्रहाच्या कामासाठी मीही छापखान्यातच बसून, तेव्हा भरदुपारी तो गल्लीतले दोन शेजारी घेऊन आत घुसला आणि ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

“माणसानं औषध घेतलं म्हटल्यावर लोक काय समजतात? खोकला बरा झाला?”

शेजारी हसले. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. दिराचं म्हणणं सरळ होतं. ही विष दिल्याची कबुली आहे. आज खोली सोड, नाहीतर हीच पानं घेऊन तो चौकीत जाणार, आणि मग लेकीला कोण सांभाळतं ते बघू.

माझं डोकंच सटकलं. मी त्याच्या कॉलरला हात घालणार तोच मालक मध्ये आला. घाम पुसत त्यानं तोडगा काढला, ‘औषध’ काढून ‘गोळी’ घालू. मी म्हटलं, घाला, म्हणजे हा विचारेल, बंदूक कुठून आणली.

मुंगी उठली. चपला पायात सरकवल्या.

“चला भाऊजी, मीही येते चौकीत. तिथं विचारतील, त्या दिवशी कोण कुठं होतं. मी तुमचं दार बडवत होते, गाडी काढा, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय म्हणून. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. माझ्याजवळ खोकल्याची बाटली होती. तीच दिली.”

शेजाऱ्यांतला थोरला, ज्याची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, खाली बघत पुटपुटला की आवाज त्याच्याकडेही आला होता. टीव्हीचाही आणि दाराचाही.

दिरानं पानांची घडी केली, उलगडली, परत केली. मग सूर बदलून म्हणाला, “वहिनी, घरातलं घरात बोलू की.”

“बोलू. खोलीत बसून. माझ्या.”

तो गेला. शेजारी त्याच्याबरोबर गेले नाहीत, दारात घुटमळले आणि मग निघाले. चौकीत तो गेला की नाही, हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. मुंगीनं चपला काढून परत टेबलाखाली सरकवल्या. मी म्हटलं, कथेखाली टोपणनाव टाकू या का?

ती खुर्चीवर बसली आणि एकेक अक्षर सावकाश दाबत तिनं स्वतःचं नाव टाइप केलं. पुढं नवऱ्याचं. पुढं आडनाव, दिराचं जे आहे तेच.