लोतोवाईची घंटा आणि सिडनीवाला

लोसिवालेनं सिडनीत एक पुरुष ठेवलाय, ही बातमी आमच्या किनाऱ्यावरच्या लोतोवाई गावात पहिल्यांदा कोणी सोडली ते आता कोणी कबूल करणार नाही. पण बातमी चांगली मुरली होती. तो म्हणे पैसेवाला आहे, बायकोपासून वेगळा राहतो, आणि हिच्या प्रेमाखातर रोज संध्याकाळी तिकडून बटण दाबून आमची घंटा वाजवतो. चटया विणायला बसणाऱ्या बायकांनी त्याचं नावही ठेवलं होतं, सिडनीवाला. त्याला टक्कल आहे की नाही एवढाच काय तो वाद उरला होता.

पुरुष वगैरे कोणी नव्हता. असता तर लोसिवालेची आई सुलुफाइंगा हिनं आनंदानं एक डुक्कर कापलं असतं, कारण पोरगी चाळिशी ओलांडून बसली होती. सिडनीत होता तो भाड्यानं घेतलेला एक सर्व्हर, आणि घंटा वाजवायचा तो एक एआय एजंट. पण एकदा लागलेलं नाव सुटतंय थोडंच. एजंटही सिडनीवालाच झाला.

लोसिवाले ऑकलंडला एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. मोठी लाट आली त्या वर्षी ती तिकडेच होती. घंटा वाजवणारे पेनितालाकाका त्या सकाळी डोंगरावर अळवाच्या मळ्यात होते. जमीन हलली तसे ते जिवाच्या आकांतानं खाली धावत आले, पण घंटा वाजली तेव्हा पाणी अंगणात पोचलं होतं. लोसिवालेचे वडील त्या अंगणात होते.

बापाला पुरायला आलेली पोरगी परत गेलीच नाही. कंपनीचं काम घरात बसून करू लागली. आईला तिनं किती विनवलं, की वर डोंगरावर दोन खांब रोवून घर करू. सुलुफाइंगाचं उत्तर ठरलेलं. घरासमोरच नवऱ्याचं थडगं बांधलेलं, तिकडे बोट करून म्हणायची, "जिवंत होता तोवर हा माणूस कधी एकटा जेवला नाही. आता त्याला इथं टाकून मी वर जाऊ होय? तूच जा." आईचे पाय अधू झालेले, खुर्चीतून उठवायलाही माणूस लागायचं, आणि समुद्र असा, की घरात बसून त्यात थुंकता येईल. तेव्हापासून लोसिवालेच्या पोटात एकच भीती घर करून होती. पुन्हा पाणी आलं, आणि घंटा पुन्हा उशिरा वाजली, तर?

घंटा म्हणजे काय, तर गॅसचा रिकामा सिलिंडर. चर्चसमोरच्या नीरफणसाला साखळीनं टांगलेला. रोज संध्याकाळी ती संथ, ठाय लयीत वाजते आणि सा लागते, म्हणजे प्रार्थनेच्या वेळेची बंदी. सा लागली की गाव आपापल्या घरी जातं, फोन टोपलीत टाकतं आणि प्रार्थनेला बसतं. सुटण्याची घंटा होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू फिरकायचं नाही. जवान गडी सोटे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि कोणी दिसलाच तर त्याचं नाव मातईंच्या सभेत जातं. मातई म्हणजे घराण्यांचे मुखिये; दंडाच्या डुकराशिवाय त्यांचा राग उतरत नाही.

पेनितालाकाकांचा खांदा निखळला आणि घंटेचे हाल सुरू झाले. आज हा वाजवतोय, उद्या तो विसरतोय. थोरले मातई तुइआलो सभेत वैतागले तेव्हा लोसिवाले उभी राहिली. म्हणाली, घंटेची सोय मी करते. सा चुकणार नाही, आणि लाटेचा इशारा आला तर तोही कोणाच्या पायांवर अवलंबून राहणार नाही.

"आणि वाजवणार कोण?" तुइआलोंनी विचारलं.

"मशीन वाजवेल, मातई."

"मशीनला सोमवारी चर्चचं अंगण झाडायला लावता येईल का?" पेनितालाकाका म्हणाले. "ते कामही मीच करायचो."

तिनं सिलिंडरशेजारी विजेवर हलणारा एक लोखंडी हात बसवला. त्या हाताला इंटरनेट जोडलं. एजंट हुशार खरा, पण तो नुसता बोलका. त्याला स्वतःला काही उचलता-ठेवता येत नाही. म्हणून मध्ये सिडनीचा सर्व्हर. एजंटला काय काय वापरता येईल ते तिथं मांडून ठेवायचं आणि प्रत्येक हत्यारावर चिठ्ठी लावायची, की हे काय आहे आणि यानं काय होतं. नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवताना डब्यांवर नावं लिहावीत तसं. सून आपल्या घरची नसते. डब्यावर जे लिहिलंय तेच तिच्यासाठी खरं.

लोसिवालेनं दोन हत्यारं मांडली. एक, भूकंपाची आणि लाटेची सरकारी पत्रकं वाचायचं. दुसरं, घंटा. घंटेच्या चिठ्ठीत तिनं लिहिलं: गावची घंटा, ही वाजली की सगळे आपापल्या घरी जाऊन शांत बसतात. लिहून झाल्यावर तिनं आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरोबर आहे की. तुझ्या आजीच्या वेळेपासून असंच आहे."

पहिल्या संध्याकाळी अख्खं गाव झाडाखाली जमलं. लोखंडी हात आपसूक वर गेला, क्षणभर थांबला आणि सिलिंडरवर आदळला. कुत्री केकाटत पळाली. एका म्हातारीनं पोटाशी बायबल धरलं. माणूस घंटा वाजवतो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो, मध्येच एखादी शिवी ऐकू येते. इथं काहीच नव्हतं. हात वर जाई, थांबे आणि पडे. पेनितालाकाका म्हणाले, "हा दमणार नाही. मला त्याचीच भीती वाटते."

लोसिवालेला ते वाक्य डसलं. तिनं बसवलेलं, तिनंच जोडलेलं, आणि तरी तो हात वर जाऊन थांबला की त्या एवढ्याशा थांबण्यात तिला कोणीतरी कुठंतरी विचार करतंय, आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, असं वाटायचं. न राहवून तिनं एकदा एजंटला सरळ विचारलं, "उद्या लाट आली तर काय करशील?" उत्तर नम्रपणे आलं: गावातल्या सगळ्यांना किनाऱ्यापासून दूर, सुरक्षित जागी पाठवीन. तिला हायसं वाटलं. सुरक्षित जागा म्हणजे तो कुठली धरतोय, हे काही तिनं विचारलं नाही.

शनिवारची दुपार होती. रविवारच्या जेवणासाठी लोसिवाले आणि तिची चुलतबहीण मोएलांगी डोंगरावरच्या मळ्यात अळवाचे गड्डे काढत होत्या. मोएलांगीची जीभ कोयत्यापेक्षा चालत होती.

"तुझ्या सिडनीवाल्याला सांग, एकदा येऊन टोपली उचल म्हणावं. नुसती घंटा वाजवून संसार होत नाही."

"तुझा नवरा तरी कुठं उचलतो?"

"माझा निदान घोरतो तरी. घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

तेवढ्यात जमीन हलली. जोरानं नाही. पण थांबेचना. नारळाची झाडं वारा नसताना डोलू लागली आणि पक्षी ओरडायचे बंद झाले. दोघी एकमेकींचे हात धरून चिखलात बसल्या. मोएलांगीचे ओठ हलत होते, पण त्यातून चेष्टा काही निघत नव्हती.

हलणं थांबलं तशा दोघी कड्याच्या टोकाला गेल्या. खाली गाव दिसत होतं. माणसं घराबाहेर आली होती, कोणी पोरांना उचललं होतं, पुढचे लोक डोंगराच्या वाटेलाही लागले होते. लोसिवाले पुटपुटली, "वाजव. आता वाजव." जणू तो ऐकणार होता.

आणि घंटा वाजली.

टोला. मग थांबणं. मग टोला. ठाय लयीत, रोज संध्याकाळी वाजते तशी.

लाटेची घंटा अशी नसते. लाट आली की सिलिंडर बडवतात, वेड्यासारखा, श्वास न घेता, हात सोलवटेपर्यंत. आणि ती ऐकली की लोक डोंगराकडे सुटतात. हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. इतकं ठाऊक, की ते चिठ्ठीत लिहावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

खाली वाटेवरची माणसं थबकली. त्यांनी चर्चकडे पाहिलं. आणि एकेक करून मागं वळली.

"परत कुठं चाललेत हे?" मोएलांगी म्हणाली. "जमीन हलली म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थना बोलावली की काय?"

गावालाही तेच वाटलं होतं. अवेळी घंटा म्हणजे खास प्रार्थना. पोरांना काखोटीला मारून लोक घरांत शिरले, फोन टोपल्यांत गेले, आणि रस्ता ओस पडला. किनाऱ्यालगत, भिंती नसलेल्या घरांत, समुद्राकडे तोंड करून अख्खं लोतोवाई मांडी घालून बसलं. त्यात खुर्चीवर सुलुफाइंगा.

आता लोसिवालेला सगळं लख्ख दिसलं. पत्रकात आलं असणार, किनाऱ्यापासून दूर राहा. एजंटनं हत्यारांत शोधलं असणार, लोकांना किनाऱ्यावरून हलवणारं काय आहे? घंटा. वाजली की सगळे घरी जातात. घर म्हणजे सुरक्षित. लोतोवाईत घरच किनाऱ्यावर असतं, हे त्याला कुठल्या चिठ्ठीनं सांगितलं होतं?

तिनं कोयता टाकला आणि धावत सुटली. वाट निसरडी, चपला पहिल्याच वळणावर गेल्या. मळ्यापासून गावापर्यंत फोनला रेंज नाही, आणि असती तरी उचलणार कोण? पळता पळता तिला झाडांमधून समुद्र दिसे आणि प्रत्येक वेळी तो जरा जास्तच लांब गेल्यासारखा वाटे. खरंच गेलाय की भीतीनं दिसतोय, ते कळेना. बापही असाच अंगणात उभा राहून समुद्राकडे बघत असेल, हे मनात आलं आणि ती आणखी जोरात धावली.

गावाच्या तोंडाशी सोटा आडवा आला. लिउंगा, जवान गड्यांचा म्होरक्या.

"लोसिताई, सा लागलीय. बसा इथंच."

"लिउंगा, ही सा नाही. लाट येतेय. बाजूला हो."

"घंटा साचीच आहे की. तुमच्याच मशीननं वाजवलीय."

"मशीन चुकलंय."

"कालपर्यंत म्हणत होतात, माणूस चुकतो, मशीन चुकत नाही," लिउंगा म्हणाला. बोलणं टोमण्याचं होतं, पण पायाखालची जमीन त्यालाही जाणवली होती. तो सोटा हलवेना आणि तिच्या डोळ्यांत बघेना.

लोसिवाले सोट्याखालून वाकून निघाली. भर सामध्ये, ओस रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, केस सुटलेली. जन्मात तिनं सा मोडली नव्हती. दोन्ही बाजूंच्या घरांतून प्रार्थना चालू होती, आणि प्रत्येक घरासमोरून ती गेली की प्रार्थना अडखळे. कोणी उठलं नाही.

झाडाखाली लोखंडी हात अजून चालूच होता. वर जाई, थांबे, पडे. तिनं त्याची वायर खेचून काढली. पेनितालाकाकांचा जुना गज झाडाच्या बेचक्यात तसाच पडला होता. तो घेऊन तिनं सिलिंडर बडवायला सुरुवात केली. तळहात फाटले तरी थांबली नाही.

प्रार्थना तुटल्या. मग घरांतून माणसं फुटली. चटया, टोपल्या, फोन तिथंच टाकून सगळे डोंगराकडे. लोसिवालेला आईकडे जायचं होतं, पण हात गज सोडीना. थांबलं आणि कोणाला ऐकूच गेलं नाही तर? तेवढ्यात तिला दिसलं, लिउंगा आणि आणखी एक गडी सुलुफाइंगाला खुर्चीसकट उचलून पळत होते, आणि म्हातारी थडग्याकडे मान वळवून नवऱ्याला काहीतरी बजावत होती. मग कुठं तिनं गज टाकला.

पाणी आलं. मागच्यासारखं राक्षसी नाही. भरतीनं रागावून पाय आपटावा इतपत. ओटे बुडाले, चटया वाहून गेल्या, डुकरांचा एक गोठा गेला, सुलुफाइंगाच्या घराचे दोन खांब पडले. वर डोंगरावर लोक पोरं मोजत होते, पुन्हा पुन्हा, आणि पोरं सगळी होती. लोसिवाले आईच्या खुर्चीला टेकून बसली होती. ओटे भिजले, एवढ्यावर निभावलं. पण ती गडबडीत सकाळीच मळ्यात जाऊन आली असती, तर तीही आईशेजारी डोळे मिटून बसली असती.

पुढच्या आठवड्यात मातईंची सभा बसली. आधी सा मोडल्याचा विषय निघाला. पाद्रीबाबांनी तो हलक्या हातानं बाजूला सारला. मग खोटी सा लावल्याचा निघाला. दंड कोणाला करायचा? पेनितालाकाका म्हणाले, सिडनीवाल्याला करा, पण त्याच्याकडे डुक्कर आहे का ते आधी विचारा. काहीजण हसले. तुइआलो हसले नाहीत. त्यांची नातवंडंही त्या दुपारी समुद्राकडे तोंड करून बसली होती.

लोसिवालेनं सगळं आपल्या अंगावर घेतलं. चिठ्ठी अर्धी लिहिली, माझी चूक, म्हणाली. चिठ्ठी आता नव्यानं लिहीन, पण एकटी नाही. प्रत्येक घरातलं माणूस समोर बसेल. आणि लाटेची घंटा कायम माणसाच्या हातानंच वाजेल, आळीपाळीनं. सभेनं माना हलवल्या.

पण तुइआलोंचा राग अजून उतरला नव्हता. ते म्हणाले, "एवढं शिकून तू असं मूर्ख यंत्र गावात आणलंस, की ज्याला समुद्र येतोय आणि लोकांना घरात बसवू नये एवढंही कळत नाही."

लोसिवालेनं पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "त्याला पाय नाहीत, मातई. जमीन हललेली त्यानं फक्त वाचली. तुमच्या सगळ्यांच्या पायांखाली ती हलली होती, तरी घंटा ऐकून तुम्ही घरात जाऊन बसलात."