नोटरीपुढचा होकार

नवऱ्याच्या डोक्यातली गाठ काढता येणार नाही हे कळलं, त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या सोशल वर्करने मला बाजूला घेतलं. चँडलर गावातलं आमचं घर, बँकेची खाती, गाडी, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. "त्याला बोलता येतंय, समजतंय, तोवर पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या," ती म्हणाली. "नाहीतर नंतर कोर्टात जावं लागेल." सही नोटरीसमोर व्हायला हवी होती. नोटरी ऑनलाइन असो वा प्रत्यक्ष, दोन्ही चालणार होतं.

घरी आल्याआल्या मी लॅपटॉप उघडला. "आत्ता होऊन जाईल. व्हिडिओवर नोटरी येतो, त्याला लायसन्स दाखवायचं, सही करायची."

"ऑनलाइन नको," तो म्हणाला.

"का रे?"

"मी अजून चालतोय ना? पार्सलं पाठवायच्या दुकानात नोटरी बसतो, सोमवारी जाऊ तिकडे. नीट कपडे घालून. घरात पडून कॅमेऱ्यापुढे सही केली तर मीच म्हटल्यासारखं होईल, की संपलो म्हणून."

मी लॅपटॉप मिटला. त्याचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं, ऑफिस सुटलं होतं, जेवणसुद्धा डॉक्टरांच्या मर्जीने. एवढी एक गोष्ट त्याला स्वतःच्या पायांनी जाऊन करायची होती.

सोमवारी त्याने दाढी केली, निळा शर्ट घातला. दाराशी बसून बूट घालता घालता त्याचा हात थरथरायला लागला, मग सगळं अंग. मी त्याला कुशीवर वळवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमधून परत आला तेव्हा त्याचं इंग्लिश गेलं होतं. असं होतं कधीकधी, मागून शिकलेली भाषा आधी जाते, असं डॉक्टर म्हणाले. ज्याने इतकी वर्षं याच भाषेत चिप डिझाइन केल्या, मीटिंगा गाजवल्या, तो नर्सने "दुखतंय का?" एवढं इंग्लिशमध्ये विचारलं तरी माझ्या तोंडाकडे बघायचा. मराठी उरली होती, तीही तुटकतुटक. पाणी. पुरे. आईला फोन लाव.

आता बाहेर जाणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन. पण तिथे नोटरी दिसायच्या आधी कॉम्प्युटरच ओळख तपासतो. औषधांनी त्याचा चेहरा सुजला होता, लायसन्सवरच्या फोटोशी जुळेना. कसाबसा जुळला तर प्रश्न सुरू झाले. यांपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहिला आहात? बाजूला वेळ उलटा धावत होता. मी प्रश्न मराठीत सांगितला. त्याने रस्त्यांच्या नावांवरून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. मला उत्तर माहीत होतं. ते अपार्टमेंट, तो रस्ता, खालचा पूल, सगळं. पण उत्तर त्यानेच द्यायचं होतं. वेळ संपला. दुसऱ्यांदाही संपला, आणि स्क्रीनवर आलं की आता पुन्हा प्रयत्न करता येणार नाही.

मग मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीने एक काका शोधून दिले. रिटायर झालेले, नोटरीचं लायसन्स असलेले. घरी यायला लगेच तयार झाले. पण ते येईपर्यंत मधले काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत तो आणखी गप्प झाला.

काका खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसले. "काय रे, कसा आहेस?"

तो छान हसला. "हो."

"तुझ्या बायकोला तुझ्या वतीने सह्या करायचा अधिकार द्यायचाय तुला?"

"हो."

मी श्वास सोडला. काकांनी पेन काढलं नाही.

"मी तुझा भाऊ आहे का रे?"

"हो."

"आपण आत्ता विमानात बसलोय?"

"हो," तो म्हणाला, आणि आपलं बरोबर आलं ना अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "बेटा, मला नाही करता येणार हे."

"काका, त्याची इच्छा होती. मला माहीतेय. तो बरा असताना—"

"तुला माहीतेय गं. पण सही त्याची आहे, त्याला कळायला हवं." त्यांनी चहा घेतला नाही. निघताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर वकील आणि कोर्ट. सुनावणी व्हिडिओवर झाली. जजबाईंनी मला विचारलं, तुमचे पती आज काही बोलू शकतील का? मी नाही म्हटलं. तो शेजारीच व्हीलचेअरवर बसला होता, स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत. कोर्टाने मला त्याची पालक, म्हणजे गार्डियन, नेमलं. मिळवायचं होतं ते सगळं मिळालं.

त्या अधिकाराने मी पहिली सही केली ती त्याला हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषेसाठी, भरती करताना. नात्याच्या रकान्यात मी पत्नी लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने कोर्टाची ऑर्डर पाहिली आणि हळूच म्हणाली, "सॉरी, इथे गार्डियन लिहावं लागेल." मी पत्नी खोडून गार्डियन लिहिलं. आतल्या खोलीत त्याला कॉटवर घेतलं होतं. मी जवळ जाऊन हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत.