सहा पायांची देवी

तमाम करवीरकरांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मागल्या महाराजांच्या राजवटीत आमच्या मंगळवार पेठेतल्या परसात देवी प्रकट झाली होती, आणि तिला सहा पाय होते.

आज कापराचा वास आला आणि नवरात्रातली ती सकाळ पुन्हा दिसली. पेरूच्या खोडावर तळहाताएवढा पोपटी पतंग बसला होता. पंखांवर चार डोळे, मागे लांब शेपट्या. परसात नवखा पतंग दिसला की वहिनी त्याचं चित्र काढून ठेवत. असा तर त्यांनी कधीच पाहिला नव्हता. त्यांनी कुंचला उचलला, तोच शेजारच्या काकी करंडा घेऊन आल्या.

"देवीच आलीया की. कुंकू लावते."

बोट लागताच पतंग उडाला असता. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काकी, आधी आरती नको व्हय?"

बायका जमल्या, टाळ्या घुमल्या. पतंग ढिम्म हलला नाही. वहिनींचा हात मात्र कागदावर भरभर फिरत होता. तेव्हा मला हसू आवरेना; आज वाटतं, त्या गर्दीत देवीकडे नीट बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

आरती संपली. काकींनी करंडा उघडला आणि वहिनी सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "आणखी एक कडवं म्हणा की, डावा पंख ऱ्हायलाय."